बहिःस्थ

देवरुख,
१२ जानेवारी २०२२

चि. नंदिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल पोचलं. आमचा पोस्टमन सदू हल्ली फक्त बँकांची पाकिटं वाटतो. हातानं लिहिलेला पत्ता पाहून त्याला लग्नपत्रिकाच वाटली. कुणाचं ठरलं ते विचारायला थांबला आणि चहा घेऊन गेला. तेव्हा एक चहा तुझ्या नावे मांडून ठेवलाय.

फोन सोडून पत्र का, हे तू लिहायची गरज नव्हती. तुमच्या नावड्याच्या घरात खोल्या दीड आणि कान सहा. त्यातून तुझे बाबा, म्हणजे आमचा सुभाष, फोन स्पीकरवर टाकून मधे मधे ‘विचार आत्याला, तिकडे केसेस किती’ असं सुचवत असतो. अशा फोनवर हवापाण्यापलीकडे बोलता येत नाही, आणि हवाही हल्ली बोलण्याजोगी राहिलेली नाही.

आता मुद्दा. तू पुण्याच्या कॉलेजात प्रथम वर्षाला आहेस आणि ते कॉलेज तू अजून पाहिलेलं नाहीस, इथपर्यंत मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर बाकीच्या मुली हॉस्टेलवर गेल्या, तुला तुझ्या बाबांनी सोडलं नाही, हेही. नवीन ते हे, की सध्या पुन्हा बंद झालेलं कॉलेज फेब्रुवारीत उघडलं की हजेरी सक्तीची आहे. म्हणून सुभाष म्हणतो, पुण्याचं नाव काढ आणि बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून घरून परीक्षा दे.

मुली, शब्दाकडे जरा बघ. बहिः म्हणजे बाहेर, स्थ म्हणजे असलेला. जी पोरगी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही ती बहिःस्थ, आणि जी रोज चपला घालून बाहेर पडते ती नियमित! भाषेची एवढी विटंबना मी दहावीच्या उत्तरपत्रिकांतसुद्धा पाहिलेली नाही.

पण सुभाषला हसणं मला पूर्ण जमत नाही. एप्रिलात आमची आई गेली ती तुमच्या घरातून गेली. मला जिल्ह्याबाहेर पडायचा पास मिळाला तेव्हा सगळं उरकलं होतं. मी इथे बसून जे ऐकलं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा त्याच्याशी भांडण्याआधी मला नीट सांग, घरात नक्की काय चाललंय. विशेषणं गाळून लिही. शाळेत मी त्यांचे गुण कापते.

तुझ्या आईला, श्रुतीवहिनीला, सांग, तिनं पाठवलेला मास्क इतका घट्ट आहे की संस्कृतच्या तासाला मुलांना माझा विसर्ग ऐकू येत नाही.

लोभ आहेच, तो वाढावा असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझी,
स्मिताआत्या


नावडे कॉलनी,
१७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट बाबांनी आधी गॅलरीत दिवसभर उन्हात ठेवलं. उघडलं मात्र नाही हं. बाबा वाचत नाहीत, फक्त वाळवतात.

विशेषणं गाळून लिहिते. मी जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसते. माझ्या पाठीला पाठ लावून बाबा आजीच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून ऑफिस करतात. त्यांचं ‘सर, आवाज येतोय का?’ माझ्या वर्गात ऐकू जातं आणि माझं ‘हजर, मॅडम’ त्यांच्या ऑडिटमध्ये. परवा त्यांच्या साहेबांनी विचारलं म्हणे, ही हजर कोण? आई तळोज्याला औषधाच्या कारखान्यात जाते, कंपनीची बस येते. तिला अडवणं बाबांच्या हातात नाही, म्हणून ती आल्यावर तिच्या पर्सला अडवतात.

आजी गेल्यापासून बाबा जिना उतरलेले नाहीत. भाजी लिफ्टमधून वर येते, कचरा लिफ्टमधून खाली जातो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, सुभाषराव, मीटिंग गच्चीवर आहे, मोकळी हवा. तर बाबा म्हणाले, मला मोबाइलवरून जॉइन करून घ्या. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की सगळी बिल्डिंग खिडक्या लावते. आमच्या कायमच्याच लावलेल्या.

आणि एक सांगू? नोव्हेंबरात वर्ग सुरू झाला तेव्हा माझ्यासाठी वर्गात एक लॅपटॉप ठेवायचे, फळ्याकडे तोंड करून. मला फळा दिसायचा आणि मॅडमचा खांदा. मधेच सगळे हसायचे. कशाला हसले ते मला कधीच कळलं नाही. हसणं माझ्या मागे असायचं. आत्या, मी रडले वगैरे नाही, पण त्या दिवशी मीही हसून घेतलं, उगाच, म्यूटवर.

हॉस्टेलवर माझी कॉट आहे. शेजारची कॉट उन्नतीची. ती आपल्या इथल्याच उरणची, सध्या घरी आलीय. ती म्हणते, तुझ्या कॉटवर मी टॉवेल वाळत घालते, राग नको मानू. मी म्हटलं, घाल बाई, कुणीतरी वापरतंय.

महिनाअखेर संमतीपत्रावर बाबांची सही हवी, नाहीतर कॉट दुसरीला. सही मागितली की बाबा ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं. ते म्हणतात, ‘इथे बसून डिग्री मिळतेय ना? मग?’ तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात.

आशीर्वाद असू देच, पण या खेपेला थोडे सढळ.

तुझी,
नंदू


देवरुख,
२२ जानेवारी

चि. नंदिनीस,
अ. उ. आ.

परवा मी सुभाषला फोन केला. मोठ्या बहिणीचा आवाज काढून म्हटलं, पोरीला पाठव. त्यानं विचारलं, ताई, तिकडे तांदूळ काय भावानं? मी पुन्हा तेच म्हटलं. त्यानं सांगितलं, इकडे कोलम महागलाय. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा रेंज गेली. देवरुखात रेंज रोज जाते, पण इतकी वेळ साधून कधी गेली नव्हती.

तेव्हा ‘तुझं ऐकतात’ हा तुझा समज मागे घे. तो माझं लहानपणी ऐकायचा. धातू पाठ करायला बसवायची मी त्याला, चुकला की पट्टी. वडिलांपेक्षा मला जास्त भ्यायचा. आता त्याला भ्यायला माझ्यापेक्षा मोठं काहीतरी सापडलंय आणि माझी पट्टी तिथवर पोचत नाही.

तुझ्या वडिलांना तू दार म्हणून बघतेस. साहजिक आहे, दारासारखेच बसलेत. एवढंच सुचवते, की ते दाराच्या आतल्या बाजूला आहेत. तुझ्याच बाजूला.

हे फार शहाणपणाचं झालं. जाऊ दे. संस्कृतची तोंडी परीक्षा जवळ आली ना? माझी भाची आहेस हे कुणाला सांगू नकोस. म्हणजे चुकलीस तरी घराणं वाचेल.

माया आहे तशीच. तिचा हिशेब ठेवू नये.

आत्या


नावडे कॉलनी,
२८ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घराणं बुडालं. आधी तेच सांगते.

तोंडी परीक्षा काल झाली. मॅडम म्हणाल्या, घरातल्या दिनचर्येवर पाच वाक्यं, प्रथमपुरुष एकवचनात. मी म्हटलं, सोप्पं! प्रथमपुरुष म्हणजे मी. कॅमेरा ऑन, बाबा माझ्या मागे नेहमीसारखे, पाठीला पाठ. मला वाटलं संस्कृत आहे, कोणाला काय कळणार, आणि सगळं खरंच बोलून टाकलं. अहं बहिः न गच्छामि। अहं गवाक्षे तिष्ठामि। अहं द्वारं वारंवारं पश्यामि। अहं रात्रौ न स्वपिमि। अहं बिभेमि। बाहेर जात नाही, खिडकीशी उभी असते, दाराकडे सारखी बघते, रात्री झोपत नाही, घाबरते. क्रियापदं सगळी बरोबर!

तर मॅडम हसल्या. म्हणाल्या, मराठी व्याकरण घेऊन आलीस होय? संस्कृतात ‘मी’ हा उत्तमपुरुष, प्रथमपुरुष म्हणजे तो किंवा ती. मग म्हणाल्या, गुण कापत नाही, हीच वाक्यं बदल. ‘अहम्’ काढ, घरातलं दुसरं कुणीतरी घाल.

घरात दुसरं होतंच कोण? मी ‘पिता’ घातलं. विचारसुद्धा केला नाही गं, फक्त ‘मि’चे ‘ति’ करत गेले. पिता बहिः न गच्छति। पिता गवाक्षे तिष्ठति। तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं की मागे टायपिंगचा आवाज बंद झालाय. पिता द्वारं वारंवारं पश्यति। पिता रात्रौ न स्वपिति। आता थांबायचं कसं? मॅडम मान डोलावत होत्या. पिता बिभेति।

मॅडम म्हणाल्या, उत्तम, बघ, एक अक्षर चुकलं नाही.

खरंच चुकलं नव्हतं, आत्या. एकही. मी माझी म्हणून बनवलेली पाचही वाक्यं बाबांना जशीच्या तशी बसली. रात्री मला जाग येते तेव्हा बाहेरच्या खोलीत चप्पल वाजते, ती कोणाची, हे मी कधी मनात पूर्णच केलं नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला तरी मागे वळले नाही. मग बाबाच म्हणाले, मला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं, ‘बिभेति. जुहोत्यादि गण. ताईनं पट्टी मारून पाठ करून घेतलं होतं.’ आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. बराच वेळ नुसता नळच वाहत होता.

अजून सही नाही, नकारही नाही. मीही मागितली नाही. मुदत सोमवारची आहे. मला जायचंय, आत्या, अजूनही तितकंच जायचंय. पण आता मी गेले तर खिडकीत ते एकटेच राहतील, हे कालपर्यंत माझ्या टेन्शनमध्ये नव्हतं.

तुझी,
नंदू


देवरुख,
३१ जानेवारी

चि. सुभाषास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझी रेंज जाते म्हणून लिहिते. पाकीट वाळवून वाच, पण वाच.

तुझ्या मुलीनं परीक्षेत तुझ्यावर पाच वाक्यं केली, असं मला कळलं. तुला वाईट वाटलं असेल तर तिच्यावर रागावू नको. पुरुषाचा घोटाळा आहे, तो आमच्या खात्यात मोडतो. पण एक विचारते. पोरीनं मी-च्या जागी तुला घातलं आणि एक अक्षर बदलावं लागलं. अरे, पन्नाशीच्या माणसाचा दिवस आणि अठरा वर्षांच्या मुलीचा दिवस यांत एका अक्षराचा फरक उरावा का?

तुला मी काहीही करायला सांगत नाही. पट्टी कधीच मोडली. एवढंच सांगते, भिणं या धातूला जशी पंचमी लागते, तशीच निघण्यालाही लागते. ज्याला भ्यायचं तेही ‘पासून’, जिथून निघायचं तेही ‘पासून’. विभक्ती एकच; कुठला धातू जोडायचा ते आपल्याकडे.

आईची मला रोज आठवण येते. तुलाही येत असणार. आपण दोघं तिच्याबद्दल सोडून सगळ्या तांदळांबद्दल बोललो.

ताई


नावडे,
१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र पोचण्याआधीच, सोमवारी, मी सही केली होती. हे मुद्दाम कळवतो, नाहीतर श्रेय घेशील.

आज नंदिनीला पुण्याच्या बसमध्ये बसवून आलो. श्रुती म्हणाली मी जाते, तुम्ही राहू द्या. म्हटलं, नको. जिना उतरताना गुडघे दुखले, वापरच नव्हता. कळंबोलीला रिक्षानं गेलो. रिक्षावाल्याला मास्क नव्हता. त्याला एक दिला, त्यानं खिशात घातला.

तुला एक सांगायचं राहिलंय. आईला ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं तेव्हा मी म्हटलं होतं, तू हो पुढे, मी मागून आलोच. ते दार लावताना त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. त्या दारानंतर मी तिला पाहिलं नाही. तेव्हापासून कोणी दाराबाहेर निघालं की मला तोच आवाज येतो. हे नंदिनीला सांगितलेलं नाही. तूही सांगू नको; तिला गाडीची दारं आयुष्यभर लागणार आहेत.

बसमध्ये तिची ती उरणची मैत्रीण आधीच जागा धरून होती. नंदिनीनं खिडकीतून मला सतरा गोष्टी सांगितल्या, आईला हे सांगा, गॅलरीतलं ते बघा. मी सूचना देणार होतो, त्या सगळ्या तीच देऊन मोकळी झाली. मग दार लागलं. मी फुटपाथवर उभाच.

बस पुढे सिग्नलला अडकली. त्याच खिडकीतून दोघींची डोकी दिसत होती. मैत्रीण काहीतरी म्हणाली आणि आपली नंदू मान मागे टाकून हसली. मास्क पार हनुवटीवर आला होता. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं.

सिग्नल सुटेपर्यंत मिटलं.

तुझा,
सुभाष