अकरा नंबरचा झेंडा

९ मार्च, मंगळवार दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालते, दुसरा इलाज नाही. तुझा फोन बंद आहे आणि तो का बंद ठेवलायस तेही कळतं. तसले शिव्याशापांचे निरोप मला आले असते तर मी फोन नदीत टाकला असता. तुझ्या गुडघ्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई उद्या तिकडे यायच्या आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते.

दुकान चालू आहे, म्हणजे मीच चालवते. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. काजं-बटणं माझ्याकडे, कापायला मागच्या गल्लीतला मास्तर येतो आणि बाबा खुर्चीत बसून आम्हा दोघांच्या चुका काढतात. शटर सध्या अर्धंच वर ठेवते. त्यावर कुणीतरी काळ्या रंगात 'गद्दार' लिहून ठेवलं होतं. घासून काढलं, पण ऊन पडलं की अजून दिसतं. बाहेर मोटारसायकल थांबली की माझा पाय मशीनवर थबकतो. बाकी काळजीचं काही नाही.

पत्रात बाबांचं अक्षर नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. राग धरून बसलेले नाहीत ते. कारण पुढे सांगते.

आधी हे सांगू दे, की तू घातलेली शपथ मी मोडली. मागे जेवायला आला होतास, तेव्हा जिन्यात कुणी नाही असं बघून तू लहान मुलासारखा एकेका पायरीवर बसत खाली उतरलास. मी वरून पाहत होते. "बाबांना सांगितलंस तर माझी शपथ," म्हणालास. मी गप्प राहिले. मग तुझ्या फुटबॉल संघाने पेपरात छापून आणलं, की तुला काही झालेलं नाही, दुसऱ्या संघात जायचं म्हणून तू ढोंग करतोयस. त्यांचा डॉक्टर म्हणतो इंजेक्शन घे आणि खेळ; बाहेरचा म्हणतो खेळलास तर पाय जन्माचा जाईल. हे सगळं तू बाबांना फोनवर सांगू लागलास, आणि त्यांनी, "संघाहून मोठा झालास का?" म्हणून फोन आपटला. तिथून तुमचं बोलणं बंद. तरीही मी गप्पच.

गेल्या आठवड्यात तुझा ढोल्या, सामन्यांना तुझ्या नावाने ढोल बडवणारा, दुकानात आला. मैदानावरच्या आपल्या स्टँडातला मोठा झेंडा खांद्यावर टाकून आणला होता, बाबांनी तुझ्या जर्सीचा नंबर घालून शिवलेला. कटिंगच्या टेबलावर ठेवला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, पोरांनी ठरवलंय. अकरा नंबर उसवून द्या. दुसऱ्या कुणाच्या हातात दिला तर कापड फाडतील."

बाबा म्हणाले, "ठेव."

एवढंच. दुपारभर ते झेंडा मांडीवर घेऊन बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा एक आकडा उसवून झाला होता. दोरे शर्टाला चिकटलेले. ब्लेड दुसऱ्या आकड्यावर होतं, पण हात चालत नव्हता.

"याचा पाय खरंच दुखतो का गं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

मग मी जिन्याचं सांगितलं. तू कठडा कसा धरला होतास, खाली पोचल्यावर तोंड पुसून कसा ऐटीत चालत गेलास, सगळं. बाबांनी ब्लेड बाजूला ठेवलं. मग सुईत दोरा ओवायला गेले, ओवता येईना, मी ओवून दिला. उसवलेला आकडा त्यांनी पुन्हा शिवला. दुहेरी टीप मारली. मी म्हटलं, "बाबा, झेंडा घरीच राहू दे." ते म्हणाले, "माझी जागा त्या स्टँडात आहे. तू जन्मायच्या आधीपासून आहे."

मी अडवायला हवं होतं. पण त्यांना कुणी कधी अडवलंय?

आता नीट वाच, आणि वाचून लगेच उठून निघू नकोस. शनिवारच्या सामन्याला ते झेंडा घेऊन गेले. उलगडला तेव्हा नंबर जिथल्या तिथे. आधी शिट्ट्या झाल्या, मग मागून कुणीतरी ओढला. बाबांनी सोडला नाही. इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी बसून दाणे खाल्ले, त्यांच्यातलेच होते रे ते. ओढाताणीत बाबा पायऱ्यांवरून खाली आले. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलंय. डॉक्टर म्हणतात हाड जुळेल. कात्री धरता येईल का, यावर मात्र ते काही बोलत नाहीत आणि मीही पुन्हा विचारलेलं नाही.

त्यांना उचलून दवाखान्यात आणलं ते ढोल्याने. मी पोचले तेव्हा तो बाकड्यावर बसला होता, झेंड्याचा बोळा पोटाशी धरून. "ताई, मी ओढला नाही," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. मी त्याला घरी जा म्हटलं. गेला नाही. बाबा बाहेर आल्यावर त्याने त्यांच्या पायात चपला घातल्या.

हे तुला कळवायचं नाही असं माझ्या मनात होतं. तुला मी ओळखते. कळलं की तू इंजेक्शन टोचून घेशील आणि मैदानात उतरशील, लोक शांत व्हावेत म्हणून, बाबांना पुन्हा तिथे मानाने बसता यावं म्हणून. पण पेपरवाले येऊन फोटो काढून गेलेत. त्यांच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

काल संघाचे व्यवस्थापक आले होते. फळांची करंडी घेऊन. फार वाईट वाटलं म्हणाले, पाण्याचा ग्लासही घेतला. मग हळूच म्हणाले, "तो हंगामाच्या शेवटच्या सामन्यात नुसता उतरला तरी वातावरण निवळेल. आपण वडील आहात, आपला शब्द तो मोडणार नाही."

मला धडकी भरली. बाबांचा संघावर किती जीव आहे ते तुला सांगायला नको.

बाबा म्हणाले, "मोडणार नाही, म्हणूनच सांगणार नाही." ते गृहस्थ आणखी काही बोलायला गेले, तेव्हा बाबांनी विचारलं, "साहेब, तुमचा मुलगा जिना कसा उतरतो?" त्यांना काही कळलं नाही. करंडी मी त्यांच्या गाडीत नेऊन ठेवली.

आज सकाळी बाबांना शेजारच्या सलूनमध्ये दाढी करून घ्यायला मी घेऊन गेले. रेडिओवर शनिवारच्या सामन्याची उजळणी चालू होती. आपल्या संघाच्या गोलाचं वर्णन लागलं तशी त्यांनी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली आणि मग चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मारा की." ते म्हणाले, "संघ सुटत नाही गं. त्याला सांग, संघ सुटत नाही, पण म्हणून त्याचा पाय देणार नाही मी." हे मी त्यांच्याच शब्दांत लिहितेय. दुसरं काही लिहू का विचारलं तर म्हणाले, "त्याला म्हणावं, त्या दिवशी फोनवर मी चुकलो." मग दुकानात परतून मास्तरवर ओरडायला लागले, कॉलर वाकडी कापतोस म्हणून.

मला अजून भीती वाटतेच. हात बरा होईल का, तू ऐकशील का, शेवटच्या सामन्याच्या दिवशी शटर उघडावं की नाही. यातलं काहीच माझ्या हातात नाही. तुझा गुडघा मात्र तुझ्या हातात आहे. बाईंचं ऐक. इंजेक्शन घेऊन खेळायला तयार असल्याची सही मागायला संघाचं कुणी कागद घेऊन आलं तर दार लावून घे.

तू यापुढे एकही सामना खेळला नाहीस तरी तुझीच,

ताई