एका दमात नामांतर

१७ जानेवारी १९९४
विद्यापीठाचं नामांतर झालं. आता कॉलेजच्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या पत्रांत, दाखल्यांत नवं नाव घालायचंय. प्राचार्य म्हणाले, सव्वीस जानेवारीच्या आत जो हे करील त्याच्याकडे कॉम्प्युटर खोलीची किल्ली. म्हणजे माझ्याकडेच. हेडक्लार्क मी आहे. नागनाथ ऑपरेटर दिवाळीनंतर आलाय. त्या खोलीत शिरताना प्राचार्यसुद्धा चपला बाहेर काढतात. केवढा रुबाब!

१८ जानेवारी, दुपारी
नागनाथ काळ्या पडद्यावर कसल्याशा कमांडी टाकून फाइलींच्या नकला करत होता. प्राचार्य मागे उभे राहून ‘वा, नागनाथराव!’ म्हणाले. नागनाथराव! मला आजवर नुसतं ‘अहो, माणिकराव कुठंयत?’ तेही मी समोर असताना.
संकल्प: एकही कमांड शिकणार नाही. सगळं वर्डस्टारमध्येच, म्हणजे टायपिंगच्या प्रोग्राममध्येच करणार.

२० जानेवारी
एकेक फाइल उघडून नाव बदललं. सहा झाल्या. मनगट धरलं. दोष कीबोर्डचा.

२१ जानेवारी
युक्ती सुचली! सगळ्या फाइली वर्डस्टारमध्ये ओढून एकच लांबलचक फाइल करायची. ‘मराठवाडा विद्यापीठ’ दिसेल तिथं ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. एका दमात. मग कापून परत वेगळ्या.
नागनाथ म्हणाला, “काका, वर्डस्टार दर जागी ‘बदलू का’ म्हणून इचारतंय, इचारू द्या. न बघता बदलू नका.” मला उशीर व्हावा म्हणून हा सल्ला. मी ‘न विचारता बदल’ निवडलं.

२२ जानेवारी
नामांतरासाठी तुरुंगात गेलेल्या ताडकळसच्या बायनाबाईंचा सव्वीसला सत्कार. मानपत्र नागनाथनं लिहिलं. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, दोघा प्राध्यापकांनी डोळे पुसले. मलाही भरून आलं, पण ते वेगळ्या कारणानं.
मानपत्राची फ्लॉपी टेबलावर होती. तीही माझ्या लांब फाइलीत ओढली. सगळं काम एका हातचं असलेलं बरं.

२४ जानेवारी
बदल केला. पडदा झरझर सरकला. नागनाथ चहाला गेला होता. बघायला कुणीच नव्हतं, याचं वाईट वाटलं.

२५ जानेवारी
कापाकापी. कुठलं पत्र कुठं संपतं हे लक्षात राहिलं नाही. गैरहजेरीची नोटीस आता ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ अशी संपते. किरकोळ. मानपत्र नीट कापलं गेलं, छापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. वाचायला वेळ कुणाला होता?

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं. प्राचार्य मानपत्र वाचू लागले: “‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव बदलून ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ व्हावे, म्हणून आपण १९७८ साली कारावास भोगला…” आणि थांबले.
बायनाबाई म्हणाल्या, “मंग आमी जेलात कशापायी गेलो, साहेब? नाव तर आधीच हुतं की! अन् एकदाच मागितलं हुतं, बापा, तुमी तर दोनदा दिलं!”
सगळा मंडप हसला. प्राचार्यांनी विचारलं, हे कुणी केलं? नागनाथनं माझं नाव घेतलं नाही. यातही त्याचा काहीतरी डाव असणार. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, तेव्हा मी झेंड्याकडे बघितलं.

२९ जानेवारी
नागनाथनं आपल्या नकलांवरून सगळं जसंच्या तसं आणलं, नवं नाव एकेक जागा बघून घातलं. किल्ली त्याच्याकडे.
नवं मानपत्र छापून तो ताडकळसला गेला. बायनाबाईंनी ते घेतलं, पण जुनं परत द्यायला तयार होईनात. म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ दे. वाचलं की मानूस हसतंय. त्या वक्ताला कुनी हसलं न्हवतं रे.” भिंतीला तेच लावणार म्हणे.
म्हणजे माझंच लावणार, नागनाथचं नाही. हे मी आज कॉम्प्युटर खोलीच्या दारात प्राचार्यांच्या कानावर घातलं. त्यांनी मला चपला काढून बाहेरच थांबायला सांगितलं.