वॉर्डनबाईंच्या दारातल्या ओल्या चादरी

३ ऑगस्ट

चि. बडबडीस,
मावशीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. चौथीनंतर माझी पेनाशी सोयरीक तुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

होस्टेल झाडणाऱ्या बायकांना संडास नाही, पाहुण्यांचा आहे त्याला वॉर्डनबाईंनी कुलूप घातलंय, म्हणून तुम्ही कॉलेजच्या पोरी फाटकात उभ्या राहिलात. बरं केलंत. पण त्या बायका तुमच्याकडे ढुंकून न बघता गेल्या, म्हणून तू फुगलीस. आता सगळं सोडून नुसता अभ्यास करणार म्हणतेस. अगं शहाणे, घोषणा रंगवल्यात कशावर? होस्टेलच्या चादरींवर! त्या धुणार कोण? त्याच बायका. त्यात तेलाचा रंग! जन्म गेला माझा लाँड्रीत. मी असते तर पाठीत धपाटाच घातला असता.

आधी त्यांच्या बरोबरीनं चादरी धू. मग तोंड उघड.

आमची लाँड्री आठवली बघ. इस्त्रीच्या खोलीला खिडकी नव्हती, वाफेनं जीव घुसमटायचा. ओरडून घसे बसले, मालक ढिम्म. मग एक दिवस एकीनं ओली चादर नेऊन थेट मालकाच्या खोलीत वाळत घातली. इथं वारा आहे, एवढंच म्हणाली. मग काय, सगळ्याच निघालो! टेबलावर टपटप, त्याच्या टकलावर टपटप. भिंतीत खिडकी पाडून दिली मेल्यानं. त्या खिडकीशी बसून चहा प्यायचो आणि काय हसायचो! आता लाँड्री गेली, हसणाऱ्या पांगल्या.

ती एक कोण, ते तुझ्या आईला विचार. घरात मान खाली घालून असते, म्हणून गरीब गाय समजू नकोस.

तब्येतीला जप.
तुझी मावशी

१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

गेले धुवायला. झाडणाऱ्यांतल्या थोरल्या बाईंनी माझं पिळणं बघून विचारलं, की चादर पिळतेयस का तिला गुदगुल्या करतेयस. रंग काही निघाला नाही. पण धुता धुता बोलणं निघालं. दिवसभर त्या पाणीच पीत नाहीत गं मावशी, जावं लागू नये म्हणून. हे आम्ही विचारलंच नव्हतं.

तुझ्या मालकाच्या टकलाची गोष्ट सांगितली. हसून लोळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बादल्या उचलल्या, आम्ही दोऱ्या बांधल्या, आणि वॉर्डनबाईंच्या दारात घोषणांसकट चादरी टपकू लागल्या. बाईंना बाहेर पडायला वाट उरेना. संध्याकाळी संडासाची किल्ली थोरल्या बाईंच्या हातात!

अभ्यास करतेय, पण हे सोडत नाही. आता झाडणाऱ्यांना विसाव्याची खोली हवी. यावेळी आधी त्यांनाच विचारलंय.

रविवारी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडतच राहिली. मग एवढंच विचारलं, की चादरींचे कोपरे नीट ताणले होते का.

तुझा धपाटा शिल्लक ठेव, येते आहे.
तुझी बडबडी

२७ ऑगस्ट

चि. बडबडीस,
मावशीचे अ. उ. आ.

ताई तशीच आहे तर! त्या दिवशीही मालक लालबुंद, आम्ही दाराकडे सरकतोय, आणि ही आपली कोपरे ताणतेय.

आता रंगाच्या त्या चादरी होस्टेल घेणार नाही. फेकू नका. फाटकात परत लागतील. एक मला आण, आणि येताना ताईलाही घेऊन ये. चादरीची घडी एकटीनं घातली की वाकडी पडते. तिच्यासारखं समोरचं टोक धरणारी मला पुन्हा कुणी भेटली नाही.

वाट बघतेय, उशीर केलास तर बोलणी खाशील.
तुझी मावशी