अक्रोड फोडायचं रिव्हॉल्व्हर

३ मार्च

चि. डेल्फिनास अनेक आशीर्वाद, वि. वि.

बंदुकीचे अक्रोडी दस्ते, एक्केचाळीस. चर्चच्या पवित्र आत्म्याच्या मिरवणुकीतल्या मुकुटाची पेटी, एकही खिळा न ठोकता. गिलचा पाळणा. तुझ्या स्वयंपाकघरातलं टेबल, ज्याच्याशी बसून तू बंदुकीच्या दुकानांवर चार टक्के कराचा ठराव लिहिलास. बारीकसारीक सुटे भाग किती, ते मोजलेले नाहीत. हे सगळं या दोन हातांनी, कुणी शिकवल्याशिवाय. आणि भर नगरपरिषदेत तू मला नुसता विक्रेता म्हणालीस!

कर बसला तर वर्षभरात दुकानाला कुलूप लागेल, हे तुला ठाऊक आहे. गिल गेल्याला चौदा महिने झाले. तुझं दुःख मला कळतं, बाई. पण त्याची वसुली त्याच्या मामाकडून का?

तब्येतीला जप. राग गेला की लिही.
तुझा दादा, अन्सेल्मो

८ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, पत्र मात्र ठणठणीत. विक्रेता म्हणाले ते चुकलं. पुढच्या सभेत कारागीर, आणि वर हट्टी, अशी नोंद करून घेते. तुझ्या त्या टेबलाचा एक पाय तोकडा आहे. बावीस वर्षं खाली पुठ्ठा घालतेय, तुला सांगायची छाती झाली नाही.

वसुली नाही रे. गिलच्या शाळेत नऊशे मुलांमागे मन मोकळं करायला एकच बाई होत्या, त्याही आठवड्यातून दोनदा यायच्या. या पैशातून आणखी दोघी नेमायच्या आहेत. सभासद तीन विरुद्ध तीन आहेत, सातवं मत माझं.

पण मंगळवारच्या सुनावणीत मी आधी स्वतःबद्दल बोलणार आहे. बाबांचं रिव्हॉल्व्हर आठवतं? आपल्या लहानपणीच बिघडलेलं. आई त्याच्या मुठीने अक्रोड फोडायची, आपण हसायचो. म्हणून मी ते उघड्या ड्रॉवरमध्ये चमच्यांशेजारी ठेवलं. गिलने स्वतःला संपवायला तेच उचललं. पोलिसांनी लिहिलंय की ते उत्तम चालत होतं. म्हणजे ते कायमच चालू होतं आणि मी मूर्खासारखी मेलेलं समजत राहिले. माझ्या पोराला मी मारलं. हे सगळ्यांसमोर बोलल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

तू आला नाहीस तरी चालेल. आशीर्वाद तेवढा पाठव.
तुझी डेल्फिना

११ मार्च

चि. डेल्फिनास,

टेबलाचा पाय येऊन बघेन. माझ्या मते तुझी फरशी उतरती आहे. आधी हे वाच, आणि बसून वाच.

रिव्हॉल्व्हर मेलेलंच होतं. घोड्याच्या टोकाची, गोळीवर आपटणारी पिन तुटलेली होती; घोडा पडायचा, गोळी उडायची नाही. गिल ते माझ्याकडे ऑक्टोबरात घेऊन आला. आजोबांची आठवण चालू करून आईला वाढदिवसाला चकित करायचंय म्हणाला. तुला जमेल का मामा, असं विचारलं. जमेल का म्हणे! तिथेच मी हुरळलो.

इंचाच्या सोळाव्या भागाएवढी पिन. पोलादाच्या काडीतून कानशीने घडवली, तापवून तेलात विझवली, चार तास लागले. वाळूत सहा गोळ्या झाडून पाहिल्या, सहाही उडाल्या. त्याने टाळ्या वाजवल्या. रिव्हॉल्व्हर त्याच दिवशी परत दिलं, म्हणून कायद्याने वहीत नोंदही लागली नाही. नोव्हेंबरात तुझा वाढदिवस झाला. भेटीबद्दल तू काही बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. का विचारलं नाही, हेच मी चौदा महिने स्वतःला विचारतोय.

तेव्हा मंगळवारी तू काही बोलू नकोस. ड्रॉवर तुझा, पिन माझी. नागरिकांना तीन मिनिटं देतात, त्यासाठी मी नाव नोंदवलं आहे. कर बरा की वाईट हे मला अजून ठरवता येत नाही. ते मत तुझं, हवं तसं दे. मी फक्त पिनबद्दल सांगेन.

तुझा लोभ राहील असं गृहीत धरत नाही. राहिला, तर कळव.
अन्सेल्मो

ता. क. गुरुवारी दुकानदार संघाचा माणूस आला होता. तुझा भाऊ आणि गिलचा मामा म्हणून त्याला मीच हवा होतो. त्याच तीन मिनिटांत माइकसमोर एवढंच म्हणायचं होतं की, कुठल्याही कराने माझा भाचा वाचला नसता. मी नाही म्हणालो. बावीस हजार पाचशे डॉलर देत होता.