बंद काय करणार?

मालक,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आणि एवढ्या काळात मी तुम्हाला कधी ओळ लिहिली नाही. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे लिहायचं म्हटलं की हात आखडतो. पण महापालिकेची निवडणूक झाल्यापासून जेवण गोड लागत नाही, आणि हे घरात कुणाला सांगण्यासारखं नाही. मी पहिल्यापासून घाबरटच, तुम्हाला ठाऊक आहे. बेकरीतून निघालो की भट्टीचं दार लागलंय का ते बघायला कोपऱ्यावरून परत यायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "दार पळून जात नाही रे. तू जा."

एक सकाळ मला अजून दिसते. मैदा तेव्हा परमिटवर मिळायचा, आणि इन्स्पेक्टर आला की आपण पोती मोजून दाखवायचो. तुम्ही पिठाच्या हातांनीच गल्ल्याशी उभे आहात. उमेदवार हात जोडून आत येतात, मागे चार कार्यकर्ते. नळ देऊ म्हणतात, दिवे देऊ म्हणतात, बेकरीवाल्यांना जास्तीचा मैदा मिळवून देऊ म्हणतात. तुम्ही सगळं ऐकून घेता आणि विचारता, "काय देणार ते कळलं. बंद काय करणार?" त्यांना अर्थ लागत नाही. "सरकारचं एखादं काम सांगा, निवडून आल्यावर जे तुम्ही थांबवाल. एकच सांगा." ते हसतात, बरणीतलं बिस्किट उचलतात आणि "शेठ, प्रश्न एकदम भारी" असं म्हणून पायऱ्या उतरतात. तुम्ही मागून म्हणता, "बिस्किट तेवढं आवडलेलं दिसतंय."

सरकारनं चोर धरावेत, तंटे मिटवावेत, रस्ते नीट ठेवावेत. पाव कुणी भाजायचा आणि कितीला विकायचा यात पडू नये, एवढंच तुमचं म्हणणं. पण असं म्हणणारा माणूस आपल्या भागातून कधी उभाच राहिला नाही. मी एकदा म्हणालो, "मालक, आपल्या विचाराचा कुणीच नाही, तर मत द्यायला जायचंच कशाला?" तुम्ही चिडलात. "भट्टीची आच उतरली की पाव होत नाही. मग आपण काय करतो, झोपतो?" मी म्हणालो, नाही, टोस्ट लावतो. "मग तसंच. आहे त्या आचेवर काय भाजून निघतं ते बघायचं. एकानं जरी एक गोष्ट थांबवतो म्हटलं, तर त्याचं बाकी काही पटलं नाही तरी शिक्का त्याला. कुणीच काही बोललं नाही, तर कोरी मतपत्रिका टाकून यायची, पण जायचं. आणि तुला मैदा मिळवून देतो म्हणणाऱ्याला कधीच नाही. जो मिळवून देतो, तोच उद्या काढून घेतो." मी मान डोलावली. तेव्हा सोपं वाटलं, कारण मैदा तुमचा होता, माझा नव्हता.

आता माझं घर सूनबाईच्या गाडीवर चालतं. मुलाची कंपनी बंद पडली, आणि तिनं कोथरूडला क्लासच्या समोर पोहे-उपीट लावायला सुरुवात केली. परवान्याचा अर्ज केलाय, पण तो कुठल्या टेबलावर आहे ते कुणी सांगत नाही. इथल्या नगरसेवकांच्या शब्दावर गाडी उभी आहे. अतिक्रमणवाल्यांचा ट्रक निघाला की तिला आधी फोन येतो. त्याबद्दल त्यांची पोरं रोज येऊन खाऊन जातात, आणि पैसे विचारायचे नसतात. मी स्टुलावर बसून कोथिंबीर निवडतो आणि दर मोठ्या गाडीच्या आवाजाला मान वर करतो.

प्रचाराला नगरसेवक स्वतः आले. "काका, गाडीची काळजी सोडा. मी आहे ना." माझ्या तोंडून तुमचा प्रश्न निघून गेला. ते मोठ्यानं हसले. "बंद कशाला करायचं? आपण सगळं चालू ठेवू!" दोन दिवसांनी त्यांच्याच विरुद्ध निवडणुकीला उभ्या असलेल्या एक बाई आल्या, अपक्ष, स्कूटरवरून, बरोबर एकच मैत्रीण. त्यांचं तुम्हाला काही पटलं नसतं. बस फुकट, दवाखाना फुकट, सगळं पालिकेनंच करायचं. मी त्यांनाही विचारलं. त्या मात्र हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "फेरीवाल्यांसाठी नगरसेवक चिठ्ठ्या देतात आणि फोन करतात, ते मी बंद करीन. परवाना ज्याच्या त्याच्या हक्कानं खिडकीवर मिळाला पाहिजे. माझ्याकडे शब्द टाकायला कुणी येऊ नका. अगदी तुम्हीसुद्धा, आजोबा." सूनबाई पोहे परतत होती. तिनं वर पाहिलं नाही. सगळ्या आयुष्यात तुमच्या प्रश्नाला आलेलं ते पहिलं सरळ उत्तर, आणि ते आमच्याच गाडीवर येऊन पडलं.

आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून चार मतं द्यायची असतात. पहिल्या तिन्ही जागांवर काही बंद करतो असं कुणी म्हटलं नव्हतं, तेव्हा तिथे मी 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबलं. आता कोरी मतपत्रिका ती हीच. चौथ्या जागेवर नगरसेवक आणि त्या स्कूटरवाल्या बाई होत्या. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. पलीकडून मतदान केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, "काका, चौथं राहिलं. त्याशिवाय मशीन वाजणार नाही." मागच्या महिन्यात ट्रकनं शेजारची भेळेची गाडी शेगडीसकट उचलून नेली होती, ती मला दिसली. पहाटे चारला उठून कांदा चिरणारी सूनबाई दिसली. मी नगरसेवकांचं बटण दाबलं. मशीन लांब वाजलं.

दुपारी सूनबाई बोटाची शाई दाखवत आली. म्हणाली, "बाबा, मी त्या स्कूटरवाल्या बाईंनाच दिलं." मी म्हणालो, "अगं, पण गाडी?"

"गाडीचं काय? रोज सहा प्लेट फुकट घालते, वर नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला वर्गणी. ते म्हणतील तिथे हात जोडून उभं राहायचं. हे काय धंदा करणं झालं? उचलली तर उचलली. भांडीन मी. तुम्ही कुणाला दिलं?"

"त्या बाईंनाच," मी म्हणालो.

"वाटलंच मला. प्रश्न तुम्हीच विचारलात ना."

बाई पडल्या. माझ्या एका मतानं त्या निवडून आल्या नसत्या, एवढं मलाही कळतं. सुनेच्या काळजीनं केलं म्हणावं, तर जिची काळजी ती माझ्यापेक्षा धीट निघाली. मग ते मत कुणासाठी होतं, मालक? हे मला अजून सांगता येत नाही. आता ती गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगते, "आमच्या बाबांनी सरळ तोंडावर विचारलं बरं का, आणि शब्दाला जागले." परवा एका प्राध्यापकांनी विचारलं, आजोबा, हे कुठं शिकलात? मी म्हणालो, आमच्या बेकरीच्या मालकांची शिकवण. सूनबाईनं त्यांना चमचाभर पोहे जास्त वाढले.

तुमचं नाव मी असं खोट्याला लावलं. आणि हा कागदही घरात राहणार नाही. सूनबाई प्रत्येक कागद वाचून मगच रद्दीत टाकते, म्हणून ती गाडीवरून यायच्या आत मी तो फाडणार आहे.