दोन ताटल्या

प्रिय व्हर्डेलबाई,

त्या शनिवारी सकाळी मी अंडी तळत होते. कॉलेजच्या सामन्याच्या दिवशी लांबच्या गावांची पोरं आमच्याकडेच खायची. तुमचा लॉनी टेबलाशी बसला, मी त्याच्यापुढे एक ताटली ठेवली आणि तो हसला. "मॅडम, मला दोन ताटल्या दिसतायत. दोन्ही माझ्याच ना?"

बुधवारी सरावात त्याचं डोकं आपटलं होतं. मी माझ्या नवऱ्याला, हार्लनला, बाजूला घेतलं. "आज त्याला बाहेर बसव. डॉक्टरला दाखव."

"हा सामना गेला तर माझी कोचगिरी संपली, आयरीन. तू अंडी बघ."

मी अंडी बघितली. दुपारी हार्लनने स्वतःच्या हाताने त्याला फुटबॉलचं हेल्मेट चढवलं. लॉनी मैदानात पडला तो उठलाच नाही. सामना आम्ही जिंकलो.

हार्लन पुढे एकोणीस वर्षं कोच राहिला. आता तोही गेला, आणि कॉलेज मैदानाला त्याचं नाव देतंय. त्या समारंभात तुम्हाला पहिल्या रांगेत बसवणार आहेत, म्हणून हे लिहितेय.

लॉनी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पीच घातलेला केक भाजून तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही विचारलंत, "सकाळी बरा होता ना हो?"

मी म्हणाले, "अगदी बरा होता. पोटभर खाल्लं त्याने."

तुमची,
आयरीन