फोटोखालची ओळ

लासलगाव, १२ जानेवारी २००६, गुरुवार

इंटरनेटवरच्या लिलावात जुनी मोटारसायकल मला साडेनऊ हजारांत सुटली, म्हणून काल मी घरात पेढे वाटले. रोज कांद्याची बोली बोलणाऱ्याला हा लिलाव म्हणजे काय, असंही वर म्हणालो. आज नागपूरहून विकणाऱ्याचा फोन. गाडी पोचवायचे सात हजार वेगळे! अरे, रेल्वे पार्सलने मनमाडपर्यंत हजारभरात येईल की. तो शांतपणे म्हणाला, "गाडी आम्हीच पाठवणार, भाडं आम्ही सांगू ते. फोटोखाली लिहिलंय. परवडत नसेल तर राहू द्या, फक्त अॅडव्हान्स भरलेले निम्मे पैसे परत मिळणार नाहीत."

सुनंदा म्हणाली, "ट्रॉलीच्या तळाचा कांदा उकरून बघता, आणि फोटोखालची एक ओळ वाचली नाही?"

बायकोचं बोलणं एवढं लागलं नाही. त्या माणसाचं ते 'परवडत नसेल तर' डोक्यातून जात नाही. कारण सकाळी ते मीच बोललो होतो. बाजार समितीत बोली झाल्यावर माल उतरवायला माझ्या खळ्यावर आलेली चांदवडच्या एका म्हाताऱ्याची ट्रॉली निम्मी रिकामी झाली, तेव्हा मी भाव क्विंटलमागे पन्नासाने पाडला. म्हटलं, खाली बारीक माल निघाला. निघाला होता का? मूठभर.

तो म्हणाला, "शेठ, बोली तर वरची व्हती."

"परवडत नसेल तर राहू दे. घे भरून परत."

तो पुन्हा ट्रॉलीवर चढला आणि उरलेला कांदा खाली ओढू लागला.

सात हजार उद्या भरणार आहे. निम्मी ट्रॉली रिकामी झाल्यावर कुणी माल परत भरत नाही, हे मला माहीत होतं. नागपूरवाल्यालाही माहीत असणार.